शेवटचे पान लिहिणारे अब्बाससाहेब

गेल्या आषाढात शिवारफेरीसाठी एका गावी गेलो होतो. कांद्याच्या चाळीची पाहणी उरकली, सडका माल वेगळा काढायला सांगितला आणि निघणार तोच आबांनी हाताला धरून ओसरीवर बसवले. घरात चहाचे फर्मान गेले. चाळीबद्दलच काहीतरी विचारायचे असेल असे मला वाटले. पण आबा म्हणाले, "साहेब, तुम्ही चार बुकं शिकलेले. एक विचारायचं हुतं. थोरला म्हणतोय, मी पेपरात लिहिणार आन् पुढं सिनेमाच्या गोष्टी लिहिणार. त्याचं शिक्षण मोठ्या शहरात असतंय म्हणं. फी ऐकली आन् बसकणच मारली. वढ्याकडचं एकर काढावं लागंल. काढू का?"

मुलगा चौकटीला टेकून खाली मान घालून उभा होता. आतून वहिनींचा आवाज आला, "त्यात पोट भरतं का, तेवढंच सांगा म्हणावं."

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत मला खतांच्या मात्रा विचारल्या गेल्या, कर्जाचे कागद विचारले गेले, मुलीसाठी स्थळेही विचारली गेली. हा प्रश्न नवा होता. पाच एकरांतले एक एकर म्हणजे काय, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. "पुढच्या खेपेला सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. मात्र फटफटीवरून परतताना एक नाव सारखे मनात येत होते. ते म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास.

नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल. 'आवारा', 'श्री ४२०', 'बॉबी' ही नावे मात्र घरोघरी माहीत आहेत. पडद्यावर राज कपूर दिसला, पण त्या गोष्टी कागदावर उतरवल्या त्या अब्बास यांनी. आणि हा माणूस मूळचा सिनेमातला नव्हेच. तो पत्रकार. साप्ताहिकातले एक सदर हे त्याचे खरे घर, आणि ते त्याने मरेपर्यंत सोडले नाही.

अब्बास यांचा जन्म ७ जून १९१४ रोजी पानिपतला झाला. पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १७६१ उभे राहते, पण त्याच गावात उर्दूतले थोर कवी हाली होऊन गेले आणि अब्बास त्यांच्या घराण्यातले. म्हणजे लिहिण्यावाचण्याचे वळण घरातच होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आबांच्या मुलाला ते मिळालेले नाही आणि तुलना करताना असे विसरून चालत नाही. अलीगढला शिकत असतानाच अब्बास यांनी विद्यार्थ्यांचे एक साप्ताहिक काढले. १९३३ साली बी. ए. झाले, १९३५ साली वकिलीची पदवी घेतली. काळा कोट चढवला असता तर चार पैसे सुखाने मिळाले असते. ते मुंबईला आले आणि 'बॉम्बे क्रॉनिकल' या राष्ट्रीय बाण्याच्या दैनिकात लागले.

तिथे बातम्या लिहिल्या, चित्रपटांची परीक्षणे लिहिली. १९३६ पासून 'बॉम्बे टॉकीज' या चित्रसंस्थेच्या जाहिरातीचे अर्धवेळ काम धरले. दिवसा वर्तमानपत्र आणि उरल्या वेळात सिनेमा, असे चालले. सिनेमा लिहायचा कसा हे त्यांना कोणत्याही शाळेने शिकवले नाही. तेव्हा आपल्याकडे तशी शाळाच नव्हती. दुसऱ्यांचे सिनेमे पाहून, त्यातले बरेवाईट दर आठवड्याला लिहून त्यांचा हात तयार झाला. १९४१ साली त्यांनी लिहिलेला 'नया संसार' पडद्यावर आला. त्याचा नायकही पत्रकारच. पुढे स्वतःची चित्रसंस्था काढली तेव्हा तिला त्यांनी हेच नाव दिले.

आणि ते सदर. नाव 'लास्ट पेज', म्हणजे शेवटचे पान. 'क्रॉनिकल'मध्ये सुरू झाले, १९४७ साली 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात गेले आणि १ जून १९८७ ला अब्बास वारले तोवर चालू राहिले. उर्दू आवृत्तीत 'आझाद कलम' या नावाने ते लिहीत. नुसती 'ब्लिट्झ'ची चाळीस वर्षे धरली तरी दोन हजारांवर आठवडे होतात. ज्यांच्या दावणीला दुभते जनावर आहे त्यांना याचा अर्थ चटकन समजेल. घरात लग्न असो की मयत, धार काढावीच लागते. डेअरीचा माणूस थांबत नाही. मधल्या काळात या माणसाने कादंबऱ्या, कथा, प्रवासवर्णने अशी सत्तरच्या वर पुस्तके लिहिली, देशोदेशी हिंडला, स्वतः चित्रपट काढले, तरी धार चुकवली नाही.

आता माझी आणि अब्बास यांची गाठ कशी पडली ते सांगतो. गाठ म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. मी कॉलेजात गेलो तोवर ते वारले होते. बी. एस्सी. अ‍ॅग्रीला वनस्पतिरोगशास्त्राच्या तासाला भातावरचा तपकिरी ठिपक्यांचा रोग शिकवला. पानावर तिळाएवढे ठिपके पडतात, दाणा काळवंडतो, पोचट राहतो. १९४२ साली बंगालात या रोगाची मोठी साथ आली आणि पुढच्या वर्षी तिथे भयंकर दुष्काळ पडला, असा दाखला पुस्तकात होता. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. बुरशीचे नाव, लक्षणे, बीजप्रक्रिया आणि दुष्काळाचे साल लिहिले की पाचपैकी चार गुण पडत. मीही ते पाठ केले आणि चार गुण घेतले.

त्याच सुमारास वसतिगृहाच्या हॉलमध्ये एकदा पडदा बांधून जुना चित्रपट दाखवला. 'धरती के लाल', साल १९४६. अब्बास यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. 'इप्टा' या नाट्यमंडळींच्या संस्थेने तो काढला होता. बलराज सहानी, शंभू मित्र, तृप्ती मित्र अशी त्यात माणसे आणि संगीत पंडित रविशंकर यांचे. गोष्ट एका शेतकरी कुटुंबाची. आधी घरातले धान्य जाते, मग जमीन जाते, मग गावच सुटते आणि सारे चालत कलकत्त्याला निघतात. तिथे फुटपाथवर माणसे पेजेसाठी हात पसरतात. कुटुंबातली एक सून पोटासाठी शरीर विकते. म्हातारा बाप मरतो तो परत गावाकडे जा म्हणत. शेवटी उरलेसुरले लोक परततात आणि सामाईक शेती करू लागतात. ती सून आणि तिचा नवरा मात्र त्यांत मिसळू शकत नाहीत, लांबूनच पाहतात.

हॉलमध्ये निम्मी पोरे शेतकऱ्यांची होती. दिवे लागले तरी बराच वेळ कोणी उठले नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होते, की पाठ केलेल्या त्या उत्तरात ही सून कुठे होती?

पुढे नोकरीत असताना अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचे म्हणणे वाचनात आले. त्यांनी १९८१ साली आकडे मांडून दाखवले की १९४३ साली बंगालात तांदळाचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. लढाईमुळे भाव भडकले, मजुरी त्या मानाने वाढली नाही, साठेबाजी झाली आणि ज्याच्या हाती पैसा नाही तो मेला. यावर विद्वानांत अजून वाद आहेत. तीस लाखांच्या आसपास माणसे गेली असे मानतात. बुरशी खोटी नव्हती. पण बुरशीने मेलेला दाणा आणि भुकेने मेलेला माणूस यांच्यामध्ये व्यापारी, सरकार, लढाई, सावकार असे बरेच काही उभे होते. सेन यांच्या पुस्तकाच्या पस्तीस वर्षे आधी अब्बास आणि त्यांच्या मंडळींनी ते एका घराच्या गोष्टीतून दाखवून ठेवले होते. बिजन भट्टाचार्य यांची बंगाली नाटके आणि कृष्णचंदर यांची एक उर्दू कथा यांवरून त्यांनी ती गोष्ट बांधली. पत्रकाराचा डोळा नसता तर ती बांधताच आली नसती असे माझे मत आहे.

पटकथा म्हणजे नुसती गोष्ट नव्हे, हे येथे सांगायला हवे. गोष्ट आजीही सांगते. पटकथेत कोणता प्रसंग आधी, कोणता नंतर, कोण काय बोलेल, काय न बोलताच दिसेल, हे सारे आधी कागदावर आखून घ्यावे लागते. शेताची आखणी करताना पाण्याचा उतार पाहून सऱ्या पाडतो, तसे. उतार चुकला तर बियाणे कितीही चांगले असो, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही.

अब्बास यांची आखणी पक्की होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तिथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. अब्बास यांनी त्या पथकाची हकिकत गोळा करून १९४४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यावरून पटकथा झाली आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. या पटकथेत अब्बास यांचे जोडीदार होते व्ही. पी. साठे. हीच जोडी पुढे 'आवारा'पासून 'बॉबी'पर्यंत टिकली. पानिपतचा एक आणि आपल्याकडचा एक, अशी ही खांदेजोड सावकाश पण सरळ चालली.

'आवारा'ची एक हकिकत प्रसिद्ध आहे. ही कथा आधी मेहबूब खान यांच्याकडे गेली होती. गोष्टीतले न्यायाधीश बाप आणि उडाणटप्पू मुलगा प्रत्यक्षातल्या बापलेकांनी, म्हणजे पृथ्वीराज आणि राज कपूर यांनी करावेत, असा अब्बास यांचा आग्रह. मेहबूब यांच्या मनात वेगळे नट होते. अब्बास यांनी कथा परत घेतली आणि ती राज कपूरकडे गेली. १९५१ साली चित्रपट आला आणि रशियापर्यंत गाजला. मोठ्या माणसाला नकार द्यायला हातात दुसरी भाकरी असावी लागते. अब्बास यांच्या हाती सदर होते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. अब्बास यांचे पोट भरले ते वर्तमानपत्रावर आणि दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या चित्रपटांवर. स्वतःच्या चित्रपटांत बहुधा खोटच आली. 'धरती के लाल' नावाजला गेला, रशियातही दाखवला गेला, पण गल्ल्यावर चालला नाही. पुढे आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांवर 'राही' काढला. मुंबईत डोक्यावर छप्पर नाही म्हणून ड्रेनेजच्या मोठ्या पाइपात संसार मांडणाऱ्या जोडप्यावर १९६३ साली 'शहर और सपना' काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. राज कपूरच्या चित्रपटातून चार पैसे यावेत आणि ते असल्या चित्रपटात घालावेत, असे चालत राहिले. बागायतीचा पैसा जिरायतीत घालणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांना कोणी शहाणे म्हणत नाही. पण ती जिरायत वडिलार्जित असते, टाकवत नाही.

१९६९ साली गोवा मुक्तीवर 'सात हिंदुस्तानी' आला. सात प्रांतांतले सात जण पोर्तुगीजांच्या गोव्यात शिरतात अशी गोष्ट. त्यात अब्बास यांनी गंमत केली. बंगाली उत्पल दत्तला पंजाबी शेतकरी केले, मल्याळी मधूला बंगाली केले आणि जलाल आगाला आपला मराठी सखाराम शिंदे. सातवा एक उंच, काटकुळा, नवखा पोरगा होता. त्याला पाच हजार रुपयांत घेतले. तो कवी हरिवंशराय बच्चन यांचा मुलगा आहे असे कळताच अब्बास यांनी आधी वडिलांची संमती मागवली, मगच करार केला. अमिताभ बच्चनचा हा पहिला चित्रपट. दुसऱ्याचे पोर घरातून पळून आलेले तर नाही ना, एवढे पाहणारा माणूस सिनेमाच्या धंद्यात होता, हे मला विशेष वाटते.

आणि १९७१ सालचा 'दो बूंद पानी'. हा आपण शेतकऱ्यांनी जरूर पाहावा. राजस्थानातले कोरडे गाव. कालव्याच्या कामावर तरुण नवरा निघून जातो, मागे म्हातारा बाप आणि बायको पाण्यावाचून दिवस काढतात. कालव्याचे पाणी येते, पण त्याची किंमत त्या घराने मोजलेली असते. राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तो राजस्थान कालवा आता इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो; पंजाबात हरिके येथे निघून तो साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास वाळवंटात जातो. माझ्यातल्या शेतकी खात्याच्या माणसाला एक गोष्ट मात्र खटकते. चित्रपट पाणी आल्यावर संपतो. पुढे त्याच कालव्याखाली काही भागात पाणी इतके दिले गेले की जमिनी पाणथळ झाल्या, खारवटल्या. आपल्याकडच्या कालव्यांवर चोपण झालेली रानेही मी पाहिली आहेत. असो. त्यावर चित्रपट निघायला अजून कोणी अब्बास जन्मायचा आहे.

सरकारशीही त्यांचा झगडा झाला. चार महानगरांतल्या श्रीमंती आणि दारिद्र्यावर त्यांनी एक माहितीपट काढला, सेन्सॉरने अडवले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली निकाल लागला. सेन्सॉर असावे की नसावे, या मूळ मुद्द्यावर ते हरले. वकिलीची पदवी कामी आली म्हणायची ती अशी.

एवढे सगळे सांगितले, पण मला विचाराल तर अब्बास यांची मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट चित्रपट नव्हे, 'अबाबील' नावाची त्यांची तरुणपणीची छोटी कथा आहे. रहीम खान नावाचा शेतकरी. अत्यंत रागीट. बैलांना मारतो, बायकोला मारतो, पोरांना मारतो. पोरे पळून जातात, बायको माहेरी जाते. एकट्या पडलेल्या या माणसाला घरात पाखरांचे घरटे सापडते, आणि त्यातल्या पिलांना तो आपल्या पोरांची नावे देतो. पावसात छप्पर गळून घरट्यावर पाणी पडू लागते, तेव्हा भर पावसात वर चढून तो छप्पर दुरुस्त करतो, भिजतो, तापाने फणफणतो आणि मरतो. कथेत उपदेशाचा एक शब्द नाही. बैलाला मारू नका, बायकोला मारू नका, असे पत्रक मी काढले तर ते कोण वाचेल?

पत्रकांचा माझा अनुभव सांगण्यासारखा आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत काढा, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, असे सगळे शास्त्रशुद्ध लिहून मी पत्रक छापून घेतले. आठ दिवसांनी आठवडे बाजारात माझ्याच पत्रकात मला भजी मिळाली. पुढच्या हंगामात तीच माहिती मी दोन शेजाऱ्यांच्या बांधावरच्या भांडणाच्या रूपात लिहिली. एकाने चार क्विंटलच्या लोभाने फरदड ठेवली आणि दुसऱ्याचे नवे पीक अळीने खाल्ले. दोघांची नावे, गाव, सगळे कल्पित. चावडीवर ते मोठ्याने वाचले गेले आणि तीन गावांतून विचारणा झाली, "साहेब, ह्यो आमच्याच गावचा ना?" ही युक्ती मी अब्बास यांच्याकडून उसनी घेतली होती.

पुढच्या खेपेला आबांच्या ओसरीवर हे सारे मी जमेल तसे सांगितले. आचार्य अत्र्यांचेही सांगितले, की 'नवयुग' साप्ताहिक चालवणाऱ्या त्याच हाताने 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. वहिनींना म्हणालो, "पोट भरतं, पण नुसत्या सिनेमावर भरेल असं धरू नका. अब्बाससाहेबांचंसुद्धा भरलं नाही. हाताशी दुसरं काम हवंच." आबांना म्हणालो, "एकर आत्ताच काढू नका. फी भरल्यानं लिहिता येत नाही. आधी लिहून तर दाखवू द्या."

मग मुलाला विचारले, "काही लिहिलंस का?" त्याने आतून दोन कागद आणले. पहिला नुसता शब्दांचा फुलोरा होता. क्षितिज, वेदना, काळजाचा ठाव वगैरे. दुसऱ्यावर टँकरची रांग होती. आजी पहाटे चारला उठून रांगेत घागर ठेवायची, पण घागर चोरीला जाते म्हणून पुढेपुढे ती एक चप्पल ठेवू लागली, आणि दिवसभर एका चपलेने वावरली, असे त्यात होते. मी पहिला कागद परत केला आणि दुसरा खिशात ठेवला.

"असा एक कागद दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, माझ्या टेबलावर," मी त्याला सांगितले. "एकही आठवडा चुकला तर आबांना मी स्वतः सांगेन."

आजवर चौदा कागद आले आहेत. त्यातले दोन जिल्ह्याच्या दैनिकात छापून आले. मानधन मिळाले नाही, अंक तेवढा मिळाला. नवव्या आठवड्यात तो तापाने पडला होता, तेव्हा कागद धाकट्या बहिणीच्या अक्षरात आला. ओढ्याकडच्या एकरात आबांनी या खेपेला हरभरा पेरला आहे.